बाळंतघराच्या दारातला ढीग

डोंगराच्या खांद्यावर एक नगर वसलं होतं, आणि त्या नगरात एक नळकरी राहत होता. वाड्यांत, देवळांत, धर्मशाळांत भाजलेल्या मातीचे नळ घालून पाणी फिरवायचं, हे त्याचं काम. हाताला सफाई होती. त्यानं घातलेला नळ कधी पाझरला नाही, आणि हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा.

तिथला नळ म्हणजे हातभर लांबीची मातीची नळी. एका टोकाला रुंद तोंड, दुसऱ्या टोकाला निमुळतं शेपूट. एकाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात बसवायचं, फटीत चुना भरायचा, की ओळ पुढे सरकली. ओळ कोपऱ्याशी आली आणि अख्खा नळ बसेना, की तो तोडायचा. लागेल तेवढा तुकडा घ्यायचा, उरलेला मागे न बघता फेकायचा. तुकड्याला तुकडा जोडून वर चुन्यात भिजवलेल्या तागाची पट्टी गुंडाळता येत असे, येत नसे असं नाही. पण पट्टीचा नळ घातला म्हणजे नळकऱ्याची अब्रू गेली. "पट्टी जखमेला बांधतात," असं त्याचा बाप म्हणायचा. तोही तेच म्हणायचा.

त्या नगराची एक रीत होती. गवंड्याची भिंत पुरी व्हावी, गिलावा वाळावा, गिलाव्यावर हळदीचा हात उमटावा, मगच नळकऱ्यानं बांधकामावर पाय टाकावा. फार मागे कधीतरी दोन्ही घराण्यांत वाजलं होतं, त्यातून ही रीत पडली. कशावरून वाजलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. रीत तेवढी राहिली. गवंडी नळकऱ्याला न विचारता भिंत बांधी. नळकरी गवंड्याला न विचारता ती छिन्नीनं फोडी. मग गवंडी पुन्हा येई, पुटपुटत खाचा बुजवी आणि निघून जाई. फुटक्या विटा, गिलाव्याच्या खपल्या, नळांचे तुकडे, सगळं दारासमोर ढीग होऊन पडे.

त्या ढिगाचं कुणाला वाईट वाटत नसे. उलट अभिमान होता. रस्त्यानं जाणारे ढीग बघून इमारत जोखत. ढीग मोठा तर काम दांडगं. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणेसुद्धा नव्या घरात शिरण्याआधी ढिगाकडे नजर टाकून घेत. वास्तुशांत झाली की ढीग गाढवांवर लादून डोंगरामागच्या घळीत रिकामा करायचा. घळ खोल होती. तिच्या तळाशी काय पडलंय ते बघायला कोण जातंय?

एकदा त्या नगराच्या राणीनं बाळंतघर बांधायला काढलं. घरात नळ नसलेल्या बायका अडल्या म्हणजे नदीवरून पाणी आणेपर्यंत उशीर व्हायचा. राणीनं ठरवलं की एक तरी असं घर असावं, जिथे बाळंतिणीच्या उशाशी पाणी येईल. काम गवंड्याकडे आणि नळकऱ्याकडे आलं.

नळकऱ्यानं हे काम घेतलं ते मानासाठी नाही. त्याची लेक सारजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सारजेची आई सारजेला जन्म देताना गेली होती. तेव्हा घरात पाणी नव्हतं, आणि नळकरी राजवाड्यातल्या कारंज्याचे नळ जोडत बसला होता. हे त्यानं कुणाला बोलून दाखवलं नाही. पण लेक उंबऱ्यात आली त्या दिवसापासून त्याचा पाय घरात ठरेना. भाकरीचा तुकडा मोडायचा, तो तोंडात घालायच्या आधीच उठायचा. "कुठे चाललात बाबा?" असं सारजेनं विचारलं की म्हणायचा, आलोच. आणि जायचा तो बांधकामावर.

बांधकामावर म्हणजे कुंपणाबाहेर. आत जायची सोय नव्हती. भिंती अजून चढत होत्या.

गवंडी आपल्या चालीनं काम करी. थर घालायचा, ओळंबा सोडायचा, एक डोळा मिटून बघायचं, पुन्हा थर. नळकरी कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घाली. त्याला वाटे, हा मुद्दाम हळू बांधतोय. गवंड्याला वाटे, हा माझ्या चुका मोजतोय. दोघंही एकमेकांना दिसत होते आणि दोघंही दिसत नसल्यासारखं करत होते.

एके दिवशी न्हाणीघराच्या भिंतीची सुतळी बांधली गेली. नळकऱ्याची नजर तिच्यावर पडली आणि तो जागच्या जागी थांबला. भिंत वीतभर आत घेतली असती तर नगराच्या हौदापासून तिथपर्यंत अख्खे नळ बसले असते, एकही तोडावा लागला नसता. आत्ता जिथे सुतळी होती तिथे प्रत्येक वळणाला तोडावं लागणार होतं. नुसतं सांगायचं होतं. कुंपणावरून हाक घातली असती तरी ऐकू गेलं असतं. शब्द जिभेवर आलासुद्धा. पण रीत होती, आणि रीतीच्या मागे मान होता. नळकऱ्यानं शब्द गिळला. गवंड्यानं त्याला थांबलेलं बघितलं. काय झालं असं त्यालाही विचारावंसं वाटलं, आणि त्यानंही विचारलं नाही. पहिला थर बसला.

तिथून नळकरी तडक कुंभारणीकडे गेला. ही म्हातारी त्याच्या बापाच्या वेळेपासून नगराला नळ करून देत होती. भट्टी पेटली होती. म्हातारी धुराकडे पाठ करून बसली होती. तिनं सांगितलं की ही शेवटची भट्टी. यातून निघतील तेवढेच नळ, पुढे नाहीत.

नळकऱ्याला वाटलं ती थट्टा करतेय. "नळ नाहीत म्हणजे काय मावशी? माती का संपते कधी?"

"संपत नाही. पुरली जाते."

मग तिनं त्याला घळीच्या कडेला नेलं. नळाची माती त्या घळीच्या एका कुशीत मिळायची. चिकट, काळी, दगड नसलेली. तशी माती दुसरीकडे नव्हती. आता तिथे माती दिसत नव्हती. दिसत होता तो राडारोडा. विटांचे तुकडे, गिलावा, आणि उन्हात तांबडी चमकणारी नळांची तोंडं आणि शेपटं. वर्षानुवर्षांचे ढीग घसरत घसरत मातीच्या तोंडावर येऊन बसले होते.

"हे सगळं मीच केलेलं," म्हातारी म्हणाली. "आणि हे सगळं तूच फेकलेलं."

नळकऱ्याला राग आला. घळीत काय तो एकटाच टाकतो? गवंडी टाकत नाही? सगळं नगर टाकत नाही? असं तो बरंच बोलला. म्हातारीनं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली की दोरीनं नीट मापून घे आणि जपून वापर. नळकऱ्यानं कुंपणाबाहेरून मापलं. भट्टीतले नळ पुरत होते. वर थोडे उरतही होते. तो तेवढ्यावर निश्चिंत झाला, म्हणजे निदान त्या संध्याकाळपुरता.

भिंती पुऱ्या झाल्या. आता गिलावा वाळायची वाट. नळकऱ्याला तेही सोसवेना. सकाळी जाऊन कुंपणावरून हात लांब करून भिंतीला बोट लावायचा. दुपारी पुन्हा. सारजेला आता उठताबसताना त्रास होई. बाळंतघरात नेमलेली सुईण येऊन तिचं पोट चाचपून जाई. ही बाई तोंडानं फटकळ होती. ती जाताना नळकऱ्याला म्हणायची की तुमच्या भिंतीपेक्षा ही लवकर तयार होईल असं दिसतंय.

हळदीचा हात उमटला त्याच घटकेला नळकरी छिन्नी घेऊन आत शिरला. आता त्याला कोण अडवणार? हात असा चालला की हाताखालच्या माणसांना तुकडे उचलायला सवड मिळेना. भिंत फोड, नळ बसेना, तोड, फेक, पुढे. वळण आलं, तोड, फेक. एका जागी खाच चुकली, ती तशीच सोडून शेजारी दुसरी फोडली. घाईत दोन नळ हातातून निसटून फुटले. कुंभारणीचे शब्द त्याला आठवले नाहीत असं नाही. आठवले, पण त्याला वाटलं, मापून घेतलंय, पुरतात. ढीग वाढत गेला. रस्त्यानं जाणारे थांबून म्हणू लागले की राणीचं काम आहे, दिसतंच आहे.

पाणी बाळंतघराच्या आतल्या चौकापर्यंत आलं. चौकातून न्हाणीघराच्या भिंतीपलीकडे, बाळंतिणीच्या खोलीतल्या हंड्यापर्यंत न्यायचं तेवढं राहिलं. नळकरी नळ घ्यायला मागे वळला, तर गवतावर नळ नव्हते. गवत तेवढं होतं, नळ ठेवल्याच्या खुणांसकट.

तो तसाच उभा असताना सुईण आली. तिनं सांगितलं की सारजेला कळा सुरू झाल्यात, तिला मी इथे आणतेय, हंडा भरून ठेवा.

"पाणी अजून..." नळकरी म्हणाला.

"अजून काय?"

सुईणीनं त्याच्याकडे बघितलं, मग रिकाम्या हंड्याकडे बघितलं. पदर खोचून ती रस्त्यावर गेली आणि आळीतल्या बायकांना हाका मारू लागली. जिची तिची घागर बाहेर निघाली. हौदापासून बाळंतघरापर्यंत बायका ओळीनं उभ्या राहिल्या. घागर या हातातून त्या हातात येऊ लागली. नळ नसताना पाणी जसं यायचं तसंच.

नळकऱ्याला ते बघवेना. तो पहार घेऊन निघाला. खालच्या आळीत पाणवठ्याकडे जाणारी जुनी ओळ होती. ती उथळ होती, हे त्याला ठाऊक होतं, कारण त्यानंच घातली होती. तिथले थोडे नळ उचलले तर काम होणार होतं. दुपारची वेळ, माणसं घरात. पाणवठा आटला असं कळेपर्यंत संध्याकाळ झाली असती. तोवर सारजा सुटली असती. उद्या काहीतरी सांगता आलं असतं.

त्यानं माती उकरली. नळ उघडा पडला. उपटायला म्हणून त्यानं दोन्ही हात नळाला घातले, आणि हात तसेच राहिले. नळ गार होता. आत पाणी चाललं होतं, मनगटाच्या शिरेसारखं लागत होतं. हे पाणी कुणाच्या तरी चुलीवर चाललं होतं. खालच्या आळीतही लेकी होत्या. त्यांच्याही घरात कुणी अडलं असेल, नसेल, त्याला काय माहीत? त्याच्या बायकोच्या वेळी पाणी नेमकं कुठे गेलं होतं, हे मात्र त्याला माहीत होतं. ते कारंज्यात उडत होतं.

त्यानं नळावर माती ओढली. पायानं दाबली. आणि चालत नाही, पळत बाळंतघरी आला, आणि सगळ्यांच्या देखत ढिगावर चढला.

नळकरी ढिगावर चढलेला त्या नगरात कुणी पाहिला नव्हता. ढिगावर कुत्री चढत. घागरी देणाऱ्या बायकाही क्षणभर बघत राहिल्या. एक माणूस म्हणाला की नळकऱ्याचं काही हरवलंय वाटतं. दुसरा म्हणाला, अक्कल हरवली असेल, शोधू दे. नळकरी दोन्ही हातांनी विटा बाजूला सारत होता. नळाचा तुकडा सापडला की अंगरख्याला पुसून बघायचा. एक टोक धड असेल तर खाली ठेवायचा. बोटं सोलून निघाली.

ढिगावर दुसऱ्या कुणाची तरी सावली पडली. वर बघितलं तर गवंडी.

"काय काढतोयस?"

"माझे तुकडे."

"पट्टी बांधणार?"

"बांधणार."

गवंडी हसला नाही. मग पलीकडच्या बाजूला उकिडवा बसला आणि तोही विटा सारू लागला. दोघांच्या मध्ये ढीग होता. आतून सारजेचं कण्हणं ऐकू येत होतं. ढिगापलीकडून गवंड्यानं विचारलं, "कुठून नेणार?"

साधे दोन शब्द. पण त्या नगरात कुठल्या गवंड्यानं कुठल्या नळकऱ्याला ते कधी विचारले नव्हते. नळकऱ्यानं आधी चौकाकडे बोट केलं. मग त्यानं सांगितलं की चौकातून न्हाणीच्या भिंतीत खाच पाडून आत नेणार.

"फोडू नकोस," गवंडी म्हणाला. "उभं राहायला बांधलेल्या परांचीचे वासे मी भिंतीत खोवले होते, त्यांची भोकं तशीच आहेत. वरून नुसता गिलावा ओढलाय. कमरेच्या उंचीवर ठोकून बघ, पोकळ वाजेल. नळ भिंतीच्या बाहेरून ने आणि त्या भोकातून आत घे."

"सगळ्या भिंतींत असतात?"

"परांचीशिवाय भिंत चढते का?"

नळकऱ्याच्या हातातला तुकडा हातातच राहिला. बापाच्या वेळेपासून फोडलेल्या सगळ्या भिंती त्याच्या डोळ्यांपुढे आल्या. "मग सांगितलं का नाहीस कधी?"

"तू विचारलंस का कधी?"

नळकऱ्यानं भिंत ठोकली, पोकळ वाजली, एका ठोक्यात गिलावा निघाला आणि आरपार उजेड दिसला. गवंड्यानं ढिगातल्या अर्ध्या विटांचे टेकू रचत नेले. त्या टेकूंवर नळकरी तुकड्याला तुकडा लावत गेला. प्रत्येक सांध्यावर चुना, चुन्यावर ताग, तागावर पुन्हा चुना. एकही सांधा सुटला नाही. शेवटचा तुकडा भोकातून आत गेला. चौकातलं बूच काढायला माणूस पळाला.

पाणी निघालं. नळकरी नळाला कान लावून त्याच्याबरोबर चालू लागला. एका पट्टीपासून दुसऱ्या पट्टीपर्यंत. पाणी अडखळत होतं, हवा सोडत होतं, पुन्हा चालत होतं. ते भिंतीपाशी पोहोचलं. आणि पाणी हंड्यात पडायच्या आधी, भिंतीपलीकडे बाळ रडलं.

नळकरी भिंतीला टेकून खाली बसला. थोड्या वेळानं सुईण बाहेर आली. सारजा बरी आहे, मुलगी झाली, असं तिनं सांगितलं. मग कमरेवर हात ठेवून तिनं त्या पट्ट्या गुंडाळलेल्या नळाकडे पाहिलं.

"आलं का तुमचं पाणी? नातीला घाई होती. ती काही थांबली नाही."

नळकऱ्यानं मान खाली घातली. लेकीला त्या दिवशी पाणी मिळालं ते बायकांच्या हातांनी, त्याच्या हातांनी नाही. त्याच्या नळाच्या पाण्यानं बाळाची दुपटी तेवढी धुतली गेली.

राणी बघायला आली तेव्हा गवंडी गिलाव्याचं घमेलं घेऊन तयार होता. त्याचं म्हणणं होतं की या पट्ट्या झाकून टाकतो, इतक्या चांगल्या भिंतीवर बरं दिसत नाही. नळकऱ्यानं त्याचा हात धरला. "राहू दे उघडं," तो म्हणाला. "माझ्या हाताखालच्या पोरांना दिसू दे."

राणीनं दारासमोर बघितलं. ढीग राहिला नव्हता. अर्ध्या विटा टेकूंना गेल्या, उरलेल्या चौकाच्या फरशीखाली भरून झाल्या. पाहुणे आले ते दारात घोटाळले. काम झालंय की अजून व्हायचंय, असं एकानं विचारलंसुद्धा. आतून पाण्याचा आवाज येत होता.

पुढच्या बाजारापासून नगराची गाढवं घळीकडे जाऊ लागली. पण आता ती रिकामी जात आणि भरून येत. नळकरी आणि गवंडी फावडी घेऊन त्यांच्यामागे असत. बऱ्याच दिवसांनी राडारोड्याखाली काळी माती दिसली. कुंभारणीनं वाकून चिमूटभर उचलली, बोटांत मळली, आणि टोपली पुढे केली.

हळदीचा हात त्या नगरात अजून उमटवतात. फक्त आता तो भिंतीवर नाही, मोकळ्या जमिनीवर उमटवतात, पाया खणण्याआधी. जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं घराच्या रेघा ओढायच्या. रेघेच्या या बाजूला गवंड्यानं उभं राहायचं, त्या बाजूला नळकऱ्यानं. गवंड्यानं विचारायचं, "कुठून नेणार?" नळकऱ्यानं चालून दाखवायचं. रेघ हलवायची असेल तर तेव्हाच पायानं पुसून हलवायची. मग नारळ फुटायचा.

म्हातारपणीही नळकऱ्याला त्या वेळी स्वस्थ उभं राहवत नसे. गवंड्यानं विचारायच्या आधीच तो चालू लागे.

तात्पर्य एवढंच की, भिंत उभी राहण्याआधी जो विचारत नाही त्याला भिंत फोडून विचारावं लागतं. आणि जे फोडलं ते दूर कुठे जात नाही, आपल्याच मातीवर येऊन पडतं.